बॅक कॉम्प्रेशनला वाट : सुधारित जुन्या इंजिनाचे क्रँककेस वायुवीजन

पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये दाबले गेलेले आणि पेटलेले वायू सगळेच्या सगळे पिस्टनला खाली ढकलून एक्झॉस्टवाटे बाहेर पडत नाहीत. त्यांतला थोडा भाग पिस्टन रिंगांच्या कडांवरून आणि रिंगेच्या दोन टोकांमधील फटीतून निसटून खाली, क्रँकशाफ्ट ज्या पोकळीत फिरतो त्या क्रँककेसमध्ये उतरतो. पुस्तकांत याला ब्लो-बाय म्हटले जाते आणि गॅरेजांत ‘बॅक कॉम्प्रेशन’. या वायूंत न जळलेले पेट्रोल असते, ज्वलनातून निर्माण झालेली आम्लधर्मी द्रव्ये असतात आणि पाण्याची वाफ असते. एक लिटर पेट्रोल जळते तेव्हा जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते हे ध्यानात घेतले, तर त्याचा अल्पसा अंशही तेलात मिसळत राहिल्यास काय होईल याची कल्पना येते. हे वायू बाहेर नेले नाहीत तर तेल पातळ होते, त्यात गाळ धरतो, आणि आतला दाब वाढला की जे सील व गॅस्केट वर्षानुवर्षे कोरडे होते ते एकेक करून पाझरू लागतात.

क्रँककेसचे वायुवीजन म्हणजे कोठेतरी एक भोक ठेवून वाफ बाहेर जाऊ देणे, अशी समजूत रूढ आहे आणि टॅपेट कव्हरवर बसवलेले चकचकीत, शंकूच्या आकाराचे छोटे फिल्टर हे तिचे दृश्य रूप होय. भोकातून दाब निघून जातो हे खरे; परंतु वायू धुऊन निघत नाहीत, कारण त्यासाठी ताजी हवा एका टोकाने आत यावी लागते, तिने संपूर्ण पोकळी ओलांडावी लागते आणि दुसऱ्या टोकाला तिला ओढून घेणारे काहीतरी असावे लागते. इंजिनात फेरफार केले की या वाटेचे आरंभ, मध्य आणि शेवट हे तिन्ही भाग बदलतात. म्हणून कारखान्याची जुनी मांडणी जशीच्या तशी ठेवून चालत नाही आणि ती काढून टाकूनही भागत नाही.

उदाहरणादाखल बीएमसी कंपनीचे बी-सिरीज इंजिन घेणे सोयीचे आहे, कारण १४८९ घनसेंटीमीटरच्या रूपात ते ब्रिटनमध्ये एमजीए या गाडीत आणि भारतात उत्तरपाड्याच्या अॅम्बेसेडरमध्ये बसले, तर १७९८ घनसेंटीमीटरच्या रूपात ते १९६२ मध्ये आलेल्या एमजीबीत गेले. दोन्हींचा स्ट्रोक ८८.९ मिलिमीटरच आहे. वाढला तो बोअर. नावांचा एक घोळ येथेच सोडवलेला बरा. गॅरेजांत इंजिनाच्या डोक्यावरील झाकणाला सरसकट टॅपेट कव्हर म्हणतात, परंतु या इंजिनात खरे टॅपेट ब्लॉकच्या बाजूला, दाबून घडवलेल्या पत्र्याच्या दोन झाकणांमागे असतात. या लेखात वरच्या झाकणाला रॉकर कव्हर आणि बाजूच्या झाकणाला बाजूचे झाकण असे म्हटले आहे.

या कुळातील आरंभीच्या इंजिनांत पुढच्या बाजूच्या झाकणापासून एक नळी खाली रस्त्याकडे सोडलेली असे. गाडी धावू लागली की नळीच्या तिरप्या तोंडावरून वाहणारा वारा आतली हवा ओढून घेई आणि रॉकर कव्हरच्या बाजूने ताजी हवा आत येई. गाडी उभी असताना मात्र ही ओढ शून्य, त्यामुळे मुंबईच्या सिग्नलांवर रांगणाऱ्या गाडीला तिचा काहीच उपयोग नाही. शिवाय क्रँककेसचे वायू थेट हवेत सोडणे हे धुरक्याचे एक मोठे कारण आहे हे कॅलिफोर्नियात लक्षात आल्यावर तेथील शासनाने १९६१ मध्ये ते वायू पुन्हा इंजिनातच जाळण्याची यंत्रणा सक्तीची करण्याचा निर्णय घेतला आणि जगभरच्या कारखान्यांनी हळूहळू ती वाट धरली. एमजीबीला ही रचना, म्हणजे बंद वायुवीजन, १९६४ च्या आरंभी मिळाली.

बंद वायुवीजनाचा एक दुय्यम लाभ, म्हणजे क्रँककेसमधला दाब कमी राहणे, या इंजिनाच्या बाबतीत मुख्य ठरतो. तीन बेअरिंगच्या जुन्या क्रँकशाफ्टला मागच्या टोकास रबरी सील नाहीच. तेथे शाफ्टवर उलट्या आट्यांची एक चर कापलेली असते आणि शाफ्ट फिरताना ती चर तेलाला परत आत ढकलते. आटा आणि त्याभोवतीचे घर यांच्यात फट राहतेच, त्यामुळे आत दाब थोडा जरी वाढला तरी तेल त्या फटीतून फ्लायव्हीलकडे आणि तेथून क्लच प्लेटवर जाते. १९६४ च्या अखेरीस एमजीबीला पाच बेअरिंगचे क्रँकशाफ्ट आले, तेव्हा मागे सीलही आले. अॅम्बेसेडरच्या १४८९ वाल्यांना ते सुख लाभले नाही. तेलाने भिजलेली क्लच प्लेट बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवणारे अनेक मालक वस्तुतः दहा-वीस सेंटीमीटर पाण्याइतक्या दाबाची किंमत मोजत असतात.

फेरफारांनी नेमके काय बिघडते ते आता पाहता येईल. बोअर वाढवला, कॉम्प्रेशन चढवले, फोर्ज्ड पिस्टन बसवले की निसटणाऱ्या वायूंचे प्रमाण वाढते. फोर्ज्ड पिस्टन तापल्यावर अधिक फुगतात म्हणून सिलिंडरमध्ये थोडे सैल ठेवावे लागतात, आणि इंजिन थंड असताना त्यांच्या कडेने जास्त वायू खाली उतरतात. तेज कॅमशाफ्ट बसवला की इनलेट व एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा काळ लांबतो आणि आयडलिंगला मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम घटतो. मूळ इंजिन जेथे पाऱ्याचे १८ ते २० इंच दाखवते तेथे असे इंजिन १० ते १२ इंचांवर थरथरत राहते. तिसरी गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. जादा क्षमतेचा ऑइल पंप हेडकडे जास्त तेल चढवतो, ते तेल पुशरॉडच्या वाटांनी खाली परतायला बघते आणि त्याच वाटांनी वायू वर चढू पाहतात. एकाच जिन्यावरून दोन जत्रा समोरासमोर आल्यासारखे होते. तेल वरच साठते, रॉकर कव्हरच्या ब्रीदरमधून बाहेर फेकले जाते आणि चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी, मात्र रिकामा होत जातो.

कामाला हात घालण्यापूर्वी इंजिनाची प्रकृती तपासणे अपरिहार्य आहे, कारण झिजलेल्या रिंगा कोणत्याही नळीने बऱ्या होत नाहीत. कॉम्प्रेशन चाचणीत चारही सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावेत. त्याहून बोलकी चाचणी म्हणजे सिलिंडरमध्ये ठरावीक दाबाची हवा सोडून किती टक्के गळते ते मोजणे. दहा टक्क्यांच्या आत गळती असेल तर वायुवीजनावर खर्च करण्यात अर्थ आहे, वीसच्या वर असेल आणि तेल भरण्याच्या तोंडाशी हवेचा फुसकारा ऐकू येत असेल तर आधी रिंगांचे काम करावे.

त्यानंतर क्रँककेसमधला दाब मोजावा आणि यासाठी महागडे यंत्र लागत नाही. गवंडी भिंतीची पातळी पाहण्यासाठी पाणी भरलेली जी पारदर्शक नळी वापरतात तीच पुरते. अशी तीन-चार मीटर नळी घेऊन तिचे एक टोक छिद्र पाडलेल्या रबरी बुचामधून गेज पट्टीच्या छिद्रात हवाबंद बसवावे. मधला भाग फळीवर इंग्रजी यू अक्षराप्रमाणे उभा बांधून त्यात रंगीत पाणी भरावे आणि दुसरे टोक उघडे ठेवावे. इंजिन आणि फळी यांच्यामध्ये दोन नळ्यांच्या बुचाची एक रिकामी बाटली जोडणे विसरू नये. मॅनिफोल्डची ओढ चुकून पूर्णपणे क्रँककेसला लागली तर ती कित्येक मीटर पाणी उचलू शकते आणि ते पाणी इंजिनात जाण्यापेक्षा बाटलीत साचलेले बरे. दोन भुजांतील पाण्याच्या पातळीतला फरक सेंटीमीटरमध्ये वाचायचा. दहा सेंटीमीटर म्हणजे साधारण एक किलोपास्कल. इंजिन पूर्ण तापल्यावर आयडलिंगला इंजिनाकडची भुजा पाच ते दहा सेंटीमीटरने चढलेली, म्हणजे आत हलकी ओढ असलेली दिसावी. चढावर पूर्ण पिकअप देताना पातळ्या जवळजवळ समान व्हाव्यात आणि दाब वरच्या बाजूला चार-पाच सेंटीमीटरहून अधिक जाऊ नये, असा ठोकताळा उलट्या आट्याच्या इंजिनांना योग्य वाटतो. ओढ जितकी जास्त तितके चांगले असे मात्र नाही, कारण मागच्या त्या फटीतून क्लचची भुकटी मिसळलेली, न गाळलेली हवा आत ओढली जाईल. चालत्या गाडीतील वाचन सोबत बसलेल्याने करावे. चालकाने पाण्याकडे पाहू नये.

वायू कोठून बाहेर काढावे या प्रश्नाला या इंजिनात स्पष्ट उत्तर आहे : पुढच्या बाजूच्या झाकणावरून. तेथून काढले की ते परतणाऱ्या तेलाला आडवे येत नाहीत. एमजीबीच्या या झाकणावर पत्र्याचा एक डबा असतो आणि त्यात तारेची जाळी. वायूबरोबर उडालेले तेलाचे थेंब जाळीला चिकटून परत ठिबकतात. हा डबा जुन्या इंजिनांत बहुधा काजळीने गच्च झालेला सापडतो, आणि तो केरोसिनमध्ये रात्रभर भिजवून हवेने फुंकल्यावर निम्म्या तक्रारी मिटतात. झाकणाखालचे कॉर्कचे गॅस्केट नवे घालावे, परंतु मधला बोल्ट फार आवळू नये. पत्रा वाकतो आणि मग कोणतेही गॅस्केट टिकत नाही.

नळीच्या व्यासाचा विचार आकड्यांनी केला तरच पटतो. १४८९ घनसेंटीमीटरचे इंजिन मिनिटाला ५००० फेऱ्यांवर सैद्धांतिकदृष्ट्या ३७०० लिटरांच्या आसपास हवा घेते. धडधाकट इंजिनात त्यातला एक टक्का खाली निसटतो असे धरले, तर मिनिटाला ३७ लिटर, म्हणजे सुमारे दोन बादल्या वायू बाहेर न्यायचे असतात. आतून १० मिलिमीटर व्यासाच्या नळीत त्यांचा वेग सेकंदाला आठ मीटरच्या घरात जातो आणि त्या वेगाच्या प्रवाहात तेलाचे थेंब सहज वाहून जातात. नळी १६ मिलिमीटरची केली तर वेग तीन मीटरवर येतो, १९ मिलिमीटरची केली तर जेमतेम सव्वादोन मीटरवर. आणि वाटेत ६० मिलिमीटर व्यासाचा उभा डबा ठेवला तर त्यात वायू सेकंदाला केवळ बावीस सेंटीमीटर सरकतात, जेथे थेंबांना खाली बसायला अवसर मिळतो. तेल वेगळे करण्याचे सारे गमक या मंदावण्यात आहे. जाळी, पडदे आणि भूलभुलैया हे त्याचे साहाय्यक. रस्त्यावर चालणाऱ्या सुधारित इंजिनाला १६ मिलिमीटरची एक नळी पुरेशी समजावी आणि शर्यतीच्या इंजिनाला १९ ची.

आता ओढीचा प्रश्न, आणि बहुतेक चुका येथेच होतात. मॅनिफोल्डला जोडायच्या पद्धतीत मध्ये पीसीव्ही व्हॉल्व्ह असतो; सामान्य प्रकारात ती एका स्प्रिंगवर तोललेली गुडदी असते. आयडलिंगला मॅनिफोल्डची ओढ तीव्र असते, तेव्हा गुडदी ओढली जाऊन वाट अरुंद होते. गाडी वेगात असताना ओढ मध्यम होते आणि वाट खुलते. मॅनिफोल्डमध्ये उलटा भडका उडाला तर गुडदी मागे आदळून तोंड बंद करते आणि क्रँककेसमधील पेट्रोलमिश्रित वाफ पेटण्यापासून वाचते. मूळ इंजिनाच्या २० इंचांसाठी निवडलेली स्प्रिंग तेज कॅमच्या १० इंचांवर गुडदीला अर्धवट उघडी ठेवते, ती फडफडते, आयडलिंगला जादा हवा आत शिरते आणि मिश्रण विरळ होते. मालक मग कार्ब्युरेटरच्या मागे लागतो. अशा वेळी ज्याचा आयडलिंगचा प्रवाह आणि स्प्रिंगचा ताण वेगवेगळा जुळवता येतो असा व्हॉल्व्ह घ्यावा, किंवा व्हॉल्व्हऐवजी ठरावीक छिद्राची एक पितळी चकती आणि सोबत एकमार्गी झडप वापरावी. दोन मिलिमीटरच्या छिद्रातून, मॅनिफोल्डमधला दाब वातावरणाच्या निम्म्याखाली असताना, मिनिटाला अंदाजे तीस लिटर हवा जाते आणि ओढ त्याहून वाढली तरी हा आकडा वाढत नाही, कारण छिद्रात हवेने ध्वनीचा वेग गाठलेला असतो.

एसयू कार्ब्युरेटरवाल्यांना यापेक्षा सुंदर मार्ग उपलब्ध आहे. या कार्ब्युरेटरात पिस्टन आणि थ्रॉटलची चकती यांच्यामधल्या जागेत ओढ कमी, पण जवळजवळ स्थिर असते, म्हणून तेथे काढलेल्या तोटीला व्हॉल्व्ह लागत नाही. एमजीबीच्या १९६० च्या दशकाअखेरच्या मांडणीत बाजूच्या झाकणाचा पाइप वाय आकाराच्या जोडातून दोन्ही एसयूंच्या तोट्यांना जातो, आणि हलणारा एकही भाग नसलेली ही रचना रस्त्यावरच्या सुधारित इंजिनासाठी आजही सर्वांत विश्वासू म्हणावी लागेल. जुन्या एसयूंना ती तोटी नसते. त्यांना तोटीवाले एचएस४ शोधून बसवण्याचा खर्च व्यर्थ जात नाही.

वेबर कार्ब्युरेटरचा मामला वेगळा. बी-सिरीजच्या हेडला चार सिलिंडरांसाठी दोनच इनलेट पोर्ट असल्याने तेथे प्रायः एकच ४५ डीसीओई बसवतात, ज्याचा प्रत्येक गळा दोन सिलिंडरांना पोसतो. ब्रीदरची नळी यांपैकी एकाच गळ्याच्या मॅनिफोल्डला टोचली तर तेवढी जोडी विरळ मिश्रणावर चालते, तिचे प्लग पांढरे पडतात आणि पूर्ण भाराखाली तीच जोडी आधी जळते. दोन्ही बाजूंना समान छिद्रे पाडून ती एका छोट्या डबीत एकत्र आणावीत आणि डबीनंतर व्हॉल्व्ह ठेवावा. हे जमत नसेल तर मॅनिफोल्डचा नाद सोडून नळी एअर क्लीनरच्या आतल्या बाजूला न्यावी. तेथे ओढ क्षीण असते, पण थ्रॉटल जितके उघडावे तितकी ती वाढते आणि बॅक कॉम्प्रेशनही तेव्हाच सर्वाधिक असते.

ताज्या हवेच्या बाजूकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. ती रॉकर कव्हरवरून, शक्यतो मागच्या टोकाने आत यावी, म्हणजे पुशरॉडच्या वाटांनी उतरून पुढच्या झाकणापर्यंत तिला सगळी पोकळी ओलांडावी लागते. तेल भरण्याचे मूळ झाकण हे पुष्कळदा स्वतःच फिल्टर असते. त्याच्या जागी शोभेचे हवाबंद अॅल्युमिनियमचे झाकण आले की आत येणारी वाट बुजते, ओढ वाढत जाते आणि मागच्या फटीतून धूळ शिरू लागते. उलटपक्षी ही वाट फार मोठी ठेवली तर आत ओढ निर्माणच होत नाही. नंतरच्या एमजीबींत म्हणूनच रॉकर कव्हरच्या नळीत मुद्दाम बारीक छिद्र ठेवलेले आढळते. पूर्ण थ्रॉटलला व्हॅक्यूम नाहीसा होतो आणि याच वाटेने वायू उलटे बाहेर येतात, यासाठी तिच्यामागे रॉकर कव्हरच्या आत एक पत्र्याचा पडदा असावा आणि तिचे तोंड एअर क्लीनरमध्ये उघडावे, बोनेटखाली नव्हे. परीक्षा सोपी आहे : तापलेले इंजिन आयडलिंगवर ठेवून या तोंडावर कागदाचा कपटा धरला तर तो चिकटला पाहिजे.

वाफेबरोबर इंजिनात गेलेले तेल मिश्रणाची नॉकिंग सोसण्याची ताकद कमी करते, आणि चढवलेल्या कॉम्प्रेशनच्या इंजिनाला तेवढेच नको असते. म्हणून बाजूच्या झाकणानंतर एक कॅच टँक घालणे हिताचे. टाकीत वायू वरच्या कडेजवळून शिरावे, मध्ये जाळी असावी आणि बाहेर जाणारी तोटी सर्वांत वर असावी. स्वयंपाकघरातल्या तारेच्या घासणीने टाकी भरण्याची युक्ती चालते, पण तिचे तुकडे सुटतात. त्यामुळे ती सच्छिद्र पत्र्यामागे कोंबावी आणि अशा टाकीतले तेल नळीने चेंबरमध्ये परत कधीच सोडू नये. आंतरराष्ट्रीय मोटर महासंघाच्या शर्यतीच्या नियमांत २००० घनसेंटीमीटरपर्यंतच्या इंजिनाला निदान दोन लिटरची आणि त्यापुढील इंजिनाला तीन लिटरची टाकी सांगितली आहे, आणि आतले तेल बाहेरून दिसावे अशीही अट आहे. रस्त्यावरच्या गाडीला अर्धा-पाऊण लिटर पुरे. बी-सिरीजचे मॅनिफोल्ड आणि बाजूची झाकणे एकाच अंगाला येत असल्याने नळी एक्झॉस्टच्या अगदी जवळून जाते. तेथे उष्णतारोधक वेष्टन घालून टाकी समोरच्या, थंड बाजूला न्यावी. नळी तेल सोसणाऱ्या नायट्राइल रबराची आणि ओढीने चपटी न होणारी हवी; निळ्या-लाल सिलिकॉनच्या नळ्या दिसायला देखण्या असल्या तरी साधे सिलिकॉन तेलाच्या वाफेने मऊ पडून पाझरते. संपूर्ण नळी इंजिनाकडे उतरती ठेवावी, कारण मध्ये झोळ पडला की कोकणच्या दमट हवेत तेथे पाणी साचून वाट बंद होते.

टर्बो बसवलेल्या इंजिनात मॅनिफोल्डला जोडलेल्या वाटेवर एकमार्गी झडप नसेल तर बूस्ट थेट क्रँककेसमध्ये घुसतो. तेथे मुख्य वाट टर्बोच्या आधीच्या पाइपात न्यावी लागते. एक्झॉस्टमध्ये तिरपी नळी वेल्ड करून तेथून ओढ घेण्याची शर्यतीतली पद्धत मफलर असलेल्या गाडीत वापरू नये, कारण मागचा दाब उलटा वायू आत ढकलतो. जुन्या बुलेट मोटरसायकलच्या मालकांनी हा लेख जसाच्या तसा लागू करू नये : तिथे पिस्टन एकच असल्याने प्रत्येक खाली येणाऱ्या फेरीत क्रँककेसचे घनफळ ३४६ घनसेंटीमीटरने आक्रसते, तर चार सिलिंडरांत दोन खाली तर दोन वर असल्याने ते जवळजवळ स्थिर राहते.

आणखी एक व्यावहारिक सूचना. भारतात २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी वाहने व्हिंटेज म्हणून नोंदवायची तर ती मूळ रूपात राखलेली असावी लागतात. तेव्हा मूळ भागांत छिद्रे पाडण्याऐवजी जुन्या भंगारातून दुसरे रॉकर कव्हर व बाजूचे झाकण मिळवून फेरफार त्यांवर करावेत, आणि मूळचे भाग तेल लावून, कागदात गुंडाळून ठेवावेत.

सारे जोडून झाल्यावर आयडलिंग व मिश्रण नव्याने जुळवावे, कारण ब्रीदरमधून येणारी हवा आता हिशेबात धरावी लागते. पहिल्या पाचशे किलोमीटरांनंतर कॅच टँक उघडून पाहावी. तळाशी साबणाच्या फेसासारखा पिवळट-पांढरा लगदा असेल आणि रेडिएटरचे पाणी कमी होत नसेल, तर गाडी केवळ चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांवर चालते आणि तेल पुरते तापतच नाही असे समजावे. पाणीही घटत असेल तर हेड गॅस्केटकडे वळावे. पेट्रोलचा उग्र वास येणारे पातळ द्रव चोकचा अतिवापर किंवा गच्च मिश्रण सांगते. पाचशे किलोमीटरांत शंभर मिलिलिटरहून अधिक स्वच्छ तेल जमले असेल तर दोष रिंगांना देण्याआधी गेज पट्टी बघावी. चेंबरमध्ये तेल खुणेच्या वर भरलेले असण्याची शक्यता मोठी असते. आणि लगद्याऐवजी काळे, दाट तेल प्रत्येक खेपेस वाढत्या मापाने मिळत असेल, तर गवंड्याची नळी पुन्हा गेज पट्टीच्या छिद्रात लावून पहिल्या दिवशीच्या आकड्याशी ताडून पाहावी. तो आकडा फळीवरच खडूने लिहून ठेवलेला असला म्हणजे झाले.